रेडिओ सोडून स्वतंत्र झालेला निवेदक आमच्या वावरापर्यंत पोहोचेल का?

धुऱ्यावरचा श्रोता (सेलू तालुका, जिल्हा वर्धा)

सर्वांना नमस्कार. आमचे गाव नागपूरपासून पन्नासएक किलोमीटरवर असून टेकाडावरच्या वावरात नागपूरची खासगी एफएम केंद्रे बऱ्यापैकी स्वच्छ लागतात. कपाशीची वेचणी सुरू झाली की धुऱ्यावरच्या बाभळीला रेडिओ अडकवायचा आणि दहा-बारा बायांनी तो ऐकत आपापली पात पुढे न्यायची, ही आमच्या घरची जुनी पद्धत आहे. सकाळच्या वेळी त्यावर एक निवेदक अकरा वर्षे बोलत होते. सीताबर्डीची गर्दी, पावसात तुंबलेले चौक, दवाखान्यात आलेल्या खेड्यातल्या माणसाला शहरात कसे वाटते, हे सारे ते असे सांगत की नागपुरात कधी मुक्काम न केलेल्या आमच्या बायांनाही तिथले रस्ते ठाऊक झाले होते.

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्यांनी केंद्र सोडले आणि आता ते स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर दर आठवड्याला तासाभराचा एक भाग प्रसारित करतात. विषय शहरी जीवनाचाच आहे, मात्र आता त्यात राजकारण उघडपणे येते. मार्च २०२२ नंतर नागपूर महापालिकेवर प्रशासक असताना निर्णय कोणी घेतले, हिवाळी अधिवेशनासाठी शहर सजते तेव्हा विदर्भाच्या कोणत्या प्रश्नाला किती वेळ मिळतो, अशा गोष्टी ते नावानिशी आणि कागद समोर ठेवून सांगतात. मी हे भाग रात्री मोबाइलवर ऐकतो आणि मला मनापासून आनंद होतो. त्याच वेळी एक गोष्ट सलते. ज्या बाया अकरा वर्षे त्यांच्या श्रोत्या होत्या, त्यांच्यापर्यंत आता त्यांचा आवाज पोहोचत नाही, कारण मोबाइल घरच्या पुरुषाच्या खिशात असतो आणि वावरात नेटवर्क टिकत नाही.

जाणकारांना मला हे विचारायचे आहे की जे ते आता बोलतात ते अकरा वर्षे का बोलू शकले नाहीत. नियमच तसा होता की त्यांना भीती होती? ते श्रोत्यांकडून दरमहा ऐच्छिक वर्गणी मागतात; कापसाच्या भावावर घर चालवणाऱ्याने ती द्यावी का? आणि पूर्वी त्यांच्यावर केंद्राचे कोणीतरी लक्ष ठेवणारे होते, आता कोणीच नाही, तर त्यांच्या बोलण्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा?

माजी निवेदिका (नागपूर)

भाऊ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देते, कारण मी स्वतः नऊ वर्षे एका खासगी एफएम केंद्रावर काम केले आहे आणि हा प्रश्न मला नातेवाईकांनीही अनेकदा विचारला आहे.

आपल्या देशात खासगी एफएम २००१ साली सुरू झाले, तेव्हापासून या केंद्रांना बातम्या आणि चालू घडामोडींवरील कार्यक्रम करण्यास मनाई आहे. २०११ च्या धोरणाने एवढीच सवलत दिली की आकाशवाणीचे वार्तापत्र, त्यातील एकही शब्द न बदलता, पुन्हा प्रसारित करता येईल. वाहतूक, हवामान, परीक्षा व प्रवेश, रोजगाराच्या संधी, वीज-पाण्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती आणि आरोग्याचे इशारे यांना बातमी समजले जात नाही, म्हणून त्यावर बोलता येते. शिवाय परवान्याच्या करारानुसार आकाशवाणीचीच कार्यक्रमसंहिता आम्हालाही लागू असते आणि त्या संहितेत राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला करणे तसेच केंद्र वा राज्य सरकारवर शत्रुत्वाच्या भावनेने टीका करणे वर्ज्य आहे. तुमच्या निवेदकांनी अकरा वर्षे जे काही सांगितले ते या चौकटीत राहून सांगितले आहे.

ही चौकट प्रत्यक्षात कशी जाणवते ते एका दिवसावरून सांगते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात मुसळधार पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. त्या सकाळी मी केंद्रावर होते. कोणता रस्ता बंद आहे, कोणत्या भागात वीज नाही, मदतीसाठी कुठे संपर्क साधावा, हे आम्ही दिवसभर सांगत राहिलो आणि त्या कामाचे मला आजही समाधान आहे. पण दुसऱ्या दिवशी लोक फोन करून विचारू लागले की तलावाच्या सांडव्यासमोर बांधकामाला परवानगी कोणी दिली, तेव्हा मला तो फोन प्रसारणात घेता आला नाही. पुढे तो प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, वर्तमानपत्रांत त्यावर रकाने भरून आले, आणि आम्ही मात्र गाणी लावत होतो. ज्या बाईच्या घरात कमरेइतके पाणी होते तिला मी दोन गाण्यांमधल्या दीड मिनिटाच्या निवेदनात धीर दिला, पण तिने विचारलेल्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. मी केंद्र सोडले त्याची सुरुवात त्या दिवशी झाली.

तुम्ही भीतीबद्दलही विचारले आहे. नियमाखेरीज जाहिरातीचे दडपण असते, हे मान्य केले पाहिजे. स्थानिक केंद्राचे उत्पन्न बांधकाम व्यावसायिक, शिकवणी वर्ग, सराफ आणि सरकारी जाहिराती यांवर चालते. मला कोणी लेखी मनाई कधीच केली नाही. एखादा विषय निघाला की वरिष्ठ फक्त एवढेच म्हणत की आज दुसरे काही घेऊ. असे वर्षभर ऐकले की माणूस विचारायचेच सोडतो.

तरीही शहरातल्या खड्ड्यांवर सूचक बोलणारे निवेदक होते आणि आहेत. २०१७ साली मुंबईतील रेडिओ निवेदिका मलिष्का यांनी रस्त्यांच्या दुरवस्थेवर विडंबनगीत केले, तेव्हा ते लोकांनी रेडिओपेक्षा चित्रफितीच्या रूपात अधिक पाहिले. आणि त्यानंतर महापालिकेने त्यांच्या कुटुंबाच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस दिली. ती घटना राज्यभरातल्या आमच्यासारख्या निवेदकांनी फार बारकाईने पाहिली होती.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये अशी शिफारस केली की खासगी एफएमला तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या व चालू घडामोडी प्रसारित करू द्याव्यात. तुमच्यासाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया आणि अचलपूर ही नावे आहेत. वर्ध्याला स्वतःचे केंद्र झाले, तर तुमच्या बाभळीवरचा रेडिओ वर्ध्याचे बोलेल, पण बातमीवरची मनाई कायम राहिली तर तिथला निवेदकही माझ्याइतकाच अडकलेला असेल.

वर्गणीविषयी माझे मत स्पष्ट आहे. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात पूर्ण वाटा मिळण्यासाठी एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे दर्शन लागते, आणि दीर्घ चित्रफितींवरील जाहिरात-उत्पन्नाचे ५५ टक्के निर्मात्याला मिळतात. मराठीत, तेही नागपूरच्या प्रश्नांवर बोलणाऱ्याला त्यातून एका सहायकाचा पगारही निघत नाही. शिवाय चित्रपटगीते लावता येत नाहीत, कारण त्यांचे हक्क आपल्याकडे नसतात. म्हणजे रेडिओवर जे आपल्याला तोलून धरत होते तेच जाते आणि तासभर फक्त बोलून माणसे टिकवावी लागतात. ज्याला शक्य आहे त्याने अवश्य द्यावे. तुम्हाला शक्य नसेल तर देऊ नका आणि त्याचे ओझे मनावर ठेवू नका.

जुना आकाशवाणी श्रोता (यवतमाळ)

मी सत्तरी ओलांडली आहे आणि यवतमाळ केंद्रावर काही वर्षे नैमित्तिक निवेदक म्हणून काम केले आहे. आमच्या लहानपणी घरी नागपूर केंद्र लागत असे. मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्झला काटा आणला की ते दिवसाही खेड्याखेड्यांत ऐकू येई. ते केंद्र १९४८ सालचे आहे आणि त्यावरच्या शेतीविषयक कार्यक्रमांसाठी गावातले लोक चावडीजवळ जमत असत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

या चर्चेत मला एक जुनी गोष्ट आठवते. १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले. ते मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे जाणकार, आणि चित्रपटसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे प्रामाणिक मत होते. आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. परिणाम असा झाला की देशभरातले श्रोते श्रीलंकेतून लागणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळले आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या अमीन सयानी यांच्या गीतमालेने घरोघरी स्थान मिळवले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. आज बातम्यांच्या बाबतीत तेच चालले आहे. एफएमवर जे बोलू दिले जात नाही ते ऐकायला लोक मोबाइलवर गेले आहेत. फरक एवढाच की सिलोन ऐकायला घरातला तोच रेडिओ पुरत होता आणि एका घरचा रेडिओ चार घरांना ऐकू जात होता.

मात्र माजी निवेदिका ताईंच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. चौकट म्हणजे केवळ अडसर नव्हे. आकाशवाणीत आम्हाला उच्चारासाठी टोकले जाई, आकडा चुकला तर त्याच कार्यक्रमात दिलगिरी व्यक्त करावी लागे, आणि निवेदनाचा कागद आधी कोणीतरी वाचत असे. या शिस्तीचा मला जाच झाला, तरी श्रोत्याचे त्यात हित होते. स्वतंत्र झालेल्या निवेदकाचे मी चार-पाच भाग नातवाच्या मोबाइलवर ऐकले. त्यांचा अभ्यास चांगला आहे, पण एका भागात त्यांनी जिल्हा परिषदेच्या आणि पंचायत समितीच्या अधिकारांची सरमिसळ केली होती आणि ती चूक आजतागायत तशीच आहे. खेड्यातला माणूस तेच खरे धरून चुकीच्या कार्यालयात अर्ज घेऊन जाईल आणि परत पाठवला जाईल.

माजी निवेदिका (नागपूर)

काका, तुमचे म्हणणे मी मान्य करते. कागद आधी वाचणारा दुसरा माणूस हवाच, आणि स्वतंत्र निवेदकांकडे तो बहुधा नसतो. पण आमच्या केंद्रावर कागद वाचला जाई तो जाहिरातदार दुखावणार नाही ना हे पाहण्यासाठी. माहिती अचूक आहे का, हे पाहणारे कोणी नव्हते. तुमच्या काळातील आकाशवाणीची शिस्त आम्हाला खासगी केंद्रावर मिळाली नाही, ही खंत मला आहे.

वकील (अमरावती)

कायद्यापुरते थोडक्यात लिहितो. आता त्यांच्यावर कोणाचेच लक्ष नाही, हे विधान अचूक नाही. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे आणि तो पॉडकास्ट करणाऱ्यालाही तितकाच लागू होतो. २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत, आणि सरकारच्या आदेशाने मजकूर काढला जाऊ शकतो. दुसऱ्या बाजूने न्यायालयांनी मोठे संरक्षणही दिले आहे. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीची माहिती खोटी की खरी हे सरकारी कक्षाने ठरवावे, ही २०२३ ची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दबातल ठरवली. प्रसारण सेवा विधेयकाच्या २०२४ च्या मसुद्यात स्वतंत्रपणे बातम्या देणाऱ्यांनाही आणले जाईल अशी भीती निर्माण झाली होती. तो मसुदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मागे घेण्यात आला.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये म्हटले होते. तेव्हा तुमच्या वावरातल्या बायांचा त्या लहरींवर हक्क आहे, ही केवळ भावनेची गोष्ट नाही. हीच मनाई मोबाइलवर नाही, वर्तमानपत्रावर नाही, दूरचित्रवाणीवर नाही. ती फक्त आकाशवाणीबाहेरच्या रेडिओवर आहे, म्हणजे ज्याच्याकडे दुसरे साधन नाही नेमक्या त्याच्यावर आहे. माझ्या मते या प्रश्नातला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे.

विश्वासाची एक साधी कसोटी सुचवतो. पैसे घेऊन केलेली शिफारस श्रोत्याला स्पष्ट सांगितली पाहिजे, असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे नियम आहेत. तुमचे निवेदक एखाद्या बियाण्याचे, बँकेचे किंवा नेत्याचे कौतुक करतात तेव्हा ते सशुल्क आहे की नाही हे सांगतात का, ते पाहावे.

वऱ्हाडी बोली (मेहकर तालुका, जिल्हा बुलढाणा)

दादा, मी शहरातली निवेदिका नाही. गेली तीन वर्षे आमच्या गावातून दर बुधवारी वीस मिनिटांचा कार्यक्रम वऱ्हाडीत ध्वनिमुद्रित करते आणि आजूबाजूच्या गावांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवते. मला रेडिओचा अनुभव नाही, पण तुमच्या बायांपर्यंत आवाज कसा न्यायचा याविषयी मला निश्चित सांगता येईल.

आधी वजनाचा हिशेब पाहा. वीस मिनिटांचे नुसते बोलणे ३२ केबीपीएस या हलक्या दर्जात साठवले तर पाच एमबीच्या आत बसते आणि बोलणे स्पष्ट ऐकू येते. तीच वीस मिनिटे चित्रफितीत बघायची तर कित्येक पट डेटा जातो. नागपूरचे निवेदक स्वतंत्र झाले तेव्हा ते यूट्यूबवर गेले, म्हणजे त्यांनी रेडिओ सोडून दूरचित्रवाणी निवडली, आणि तिथेच वावरातली बाई त्यांच्या हातून सुटली. त्यांना लिहा की प्रत्येक भागाची छोटी ध्वनिफीतही द्यावी. ती रात्री घरच्या नेटवर्कवर उतरवून मेमरी कार्डात घातली की भजनांसाठी गावोगावी जो कार्डाचा स्पीकर असतो त्यावर सकाळी वावरात वाजते. आमच्याकडे सोयाबीनच्या सोंगणीत आम्ही असेच ऐकतो. दोन-तीन दिवस उशीर होतो, पण महापालिकेचा निर्णय दोन दिवसांत शिळा होत नाही.

मोबाइलमध्ये एफएम असेल तर नेटवर्कची गरजच नसते, फक्त हेडफोनची तार जोडावी लागते. ती सोय कंपन्या काढून टाकू लागल्या म्हणून केंद्र सरकारने २०२३ मध्ये सर्व मोबाइलमध्ये ती सुरू ठेवण्याची सूचना काढली होती. नवा मोबाइल घेताना दुकानात हे जरूर विचारावे. सामुदायिक रेडिओचाही विचार मी केला होता. २००६ पासून तो स्वयंसेवी संस्थांनाही मिळतो, पाच-दहा किलोमीटरपर्यंत ऐकू जातो, आणि २०२४ पासून तासाला बारा मिनिटे जाहिराती घेता येतात. पण तिथेही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आणि मला तर ग्रामसभेत काय झाले हेच सांगायचे असते.

चुकीबद्दल काकांनी लिहिले ते मला लागू पडले, म्हणून माझा अनुभव सांगते. दुसऱ्या वर्षी मी नळयोजनेच्या कामावर एक भाग केला आणि खर्चाचा आकडा ऐकीव सांगितला. तो चुकीचा निघाला. ज्या कंत्राटदाराविषयी बोलले होते त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. ती दोन महिने माझ्याशी बोलली नाही. मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तीस दिवसांच्या आत कागद मिळाले, आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीलाच चुकीचा आकडा कोणता आणि खरा कोणता हे सांगितले. खऱ्या आकड्यानेही काम अपुरेच ठरत होते, तेही त्याच भागात सांगितले. तेव्हापासून कागद हातात आल्याशिवाय मी रक्कम उच्चारत नाही. गावात राहून बोलणाऱ्यावर एक लक्ष कायम असते: दुसऱ्या दिवशी पाण्याला जाताना त्याच माणसांसमोरून जावे लागते. शहरातल्या निवेदकाला ते लक्ष नाही, म्हणून ते लक्ष श्रोत्यांनाच पत्रे लिहून ठेवावे लागेल.

वर्गणीबाबत मी ताईंपेक्षा थोडे वेगळे सांगेन. पैसे देऊ नका, पण तुमच्या भागातील माहिती द्या. बाजार समितीत त्या दिवशी काय भाव निघाला, पुलाचे काम कुठे अडले, दवाखान्यात डॉक्टर किती दिवस नाहीत, हे त्यांना नागपुरात बसून कळणार नाही. त्यांच्यासाठी ते वर्गणीपेक्षा मोलाचे आहे.

धुऱ्यावरचा श्रोता (सेलू तालुका, जिल्हा वर्धा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी दोन आठवड्यांनी उत्तर देत आहे, कारण मेहकरच्या ताईंनी सांगितले तसे प्रत्यक्ष करून पाहायचे होते.

निवेदकांना मी सविस्तर पत्र पाठवले, त्यात जिल्हा परिषदेविषयीची चूकही यवतमाळच्या काकांच्या शब्दांत लिहिली. त्यांचे उत्तर तिसऱ्या दिवशी आले. चूक त्यांनी मान्य केली, पुढच्या भागाच्या आरंभी ती दुरुस्त केली, आणि आता प्रत्येक भागाची लहान ध्वनिफीत ते वेगळी देत आहेत. परवा आम्ही ती कार्डाच्या स्पीकरवर वावरात लावली. गाणी नाहीत म्हणून पहिली दहा मिनिटे बाया एकमेकींशी बोलत होत्या. मग हिवाळी अधिवेशनाचा विषय निघाला आणि त्या गप्प झाल्या.

भाग संपल्यावर आमच्याकडे वीस वर्षांपासून वेचणीला येणाऱ्या एका मावशींनी विचारले की हे सर्व नागपूरचे झाले, पण आपल्या कापसाचे हा माणूस कधी बोलणार. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला आहे, तरी गावातच होणाऱ्या खेडा खरेदीत व्यापारी त्याच्या खाली मागतो. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले, तो निर्णय कोणी कोणासाठी घेतला, हे मावशींना अकरा वर्षांच्या ओळखीच्या आवाजात ऐकायचे होते. मी तो प्रश्न त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करून निवेदकांना पाठवला आहे. त्यासोबत सेलूच्या बाजार समितीतील गेल्या दहा दिवसांच्या भावपट्ट्यांची छायाचित्रेही जोडली आहेत.